गोरोबाकाकांचं थापटणं आणि नीटचा निकाल

नीटचा निकाल लागला की आमच्या वरच्या मजल्यावरून दरवर्षी एक प्रश्न खाली येतो. शब्द दर वेळी निराळे, प्रश्न तोच: काकू, देवानं माझं का नाही ऐकलं?

आमचं घर लातुरात औसा रोडच्या आतल्या बाजूला आहे. खाली आम्ही दोघं राहतो, वरच्या खोल्यांत क्लासच्या मुली. परभणी, हिंगोली, नांदेड, धाराशिव, एखादी थेट यवतमाळकडची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. यजमानांच्या घरात पंढरीची वारी आहे, लग्नानंतर माझ्याही गळ्यात माळ आली. त्यामुळं मुली माझ्याकडं पेशीविभाजन अडलं तरी येतात आणि मन अडलं तरी येतात. पेशीविभाजनाचं उत्तर एनसीईआरटीच्या पुस्तकात असतं. दुसऱ्या अडचणीचं उत्तर मी इतकी वर्षं आपल्याच परंपरेत शोधते आहे. आता लिहायला बसले त्याचं कारण एवढंच, की निकालानंतर या मुलींना धर्माच्या नावानं जे ऐकवलं जातं, त्यातल्या बऱ्याच गोष्टी त्यांना आणखी खाली ढकलतात, आणि ज्या गोष्टींनी खरंच धीर यावा त्या मात्र कुणी सांगत नाही.

२०२५ च्या निकालाचं सांगते. जिंतूर तालुक्यातली एक मुलगी आमच्याकडं होती. घरी कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर. २०२४ ला बारावीबरोबर तिनं नीट दिली, ४८० पडले. त्या वर्षी कट-ऑफ असा चढला होता की ४८० ला सरकारी एमबीबीएसचं नाव काढायची सोय नव्हती. मग रिपीटर बॅच. वर्षभर पहाटे साडेचारला तिच्या खोलीतला दिवा लागायचा. ४ मे २०२५ ला पेपर झाला. १८० प्रश्न, १८० मिनिटं, आणि फिजिक्स असं की सेंटरच्या फाटकाबाहेर मुलं रडत आईबापांच्या गळ्यात पडत होती. १४ जूनला निकाल आला. ४१०.

वर्षभर घासून सत्तर मार्क कमी. वडिलांनी फोनवर एवढंच ऐकलं. खरं तर त्या वर्षी सगळ्यांचेच मार्क खाली आले होते. देशात पहिल्या आलेल्या मुलाला ७२० पैकी ६८६ होते. आदल्या वर्षीच्या सुधारित निकालात पैकीच्या पैकी घेणारेच १७ जण होते. हिची रँक आदल्या वर्षीपेक्षा थोडी पुढं सरकली होती. पण त्या दिवशी हे गणित कोण ऐकून घेतो? आणि ऐकलं तरी सरकारी एमबीबीएस हातात नव्हतंच.

तिच्या खोलीतली दुसरी मुलगी निलंग्याकडची. तिला सीट लागणार, हे त्याच संध्याकाळी नक्की झालं. दोघींच्या टेबलांच्या मधोमध भिंतीवर पांडुरंगाचा फोटो होता. पेपरच्या आदल्या रात्री दोघींनी त्याच्यापुढं एकच उदबत्ती लावली होती. रात्री जिंतूरची खाली आली आणि म्हणाली, "काकू, फोटो तर एकच होता ना. मग त्यानं तिचंच कसं काय ऐकलं?"

त्या रात्री मी काहीही उत्तर दिलं नाही. मुगाची खिचडी टाकली, ताक केलं, तिला समोर बसवून दोन घास खायला लावले आणि आमच्या खोलीत झोपवलं. निकालाच्या रात्री मी कुठल्याच मुलीला एकटी झोपू देत नाही आणि गच्चीच्या दाराला कुलूप घालते. आईवडिलांना आधीच सांगून ठेवते की आज मार्कांचा विषय काढू नका, जेवलीस का एवढंच विचारा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर जिन्याजवळ मोठ्या अक्षरांत लावलेला आहे. मुलगी जेवेना, झोपेना, "माझ्यामुळं घरावर बोजा झाला" असं म्हणायला लागली, की तिला डॉक्टरकडं न्यायचं. तिथं हरिपाठावर भागवायचं नाही. देवावर विश्वास असणाऱ्या माणसानं हे सगळ्यात आधी म्हटलं पाहिजे. नाहीतर पुढं जे काही बोलायचं ते बोलण्याचा त्याला हक्क नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे मामा आले. माणूस चांगला, भाचीवर जीव आहे. येताना सफरचंदं आणली होती. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "गीतेत सांगितलंय बेटा, आपण कर्म करायचं, फळाची आशा धरायची नाही." ती खाली मान घालून बसली. मला त्या वेळी फार वाईट वाटलं. मामांच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण ते वचन तिच्या कानात कसं शिरलं ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तू आशा धरलीस, म्हणून तुला दुःख झालं. म्हणजे मार्क गेले ते गेलेच, वर अध्यात्मातही नापास.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं ते सांगणं धनुष्य खाली टाकून बसलेल्या माणसाला आहे. लढाई व्हायची आहे, बाण सुटायचा आहे, आणि निकालाच्या भीतीनं हात गळाले आहेत, अशा वेळचं ते बोलणं आहे. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं ते गीता माणसाला कर्माला उभं करते हे सांगायला. पेपरच्या आदल्या रात्री हात कापत असताना हे वचन औषधासारखं लागू पडतं, मी ते अनुभवानं सांगते. निकालानंतर तेच वचन उलटं बसतं. आणि वर्षभर ज्यांनी प्रत्येक फोनवर "टेस्टला किती पडले" हेच विचारलं, त्यांच्या तोंडून तर ते येऊच नये.

"जे होतं ते चांगल्यासाठीच होतं" हेही तसंच. तुकोबांच्या दुकानाचं दिवाळं निघालं, दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा गेला. पुढं तुकोबांनी देवाशी बोलताना आपलं दिवाळं निघाल्याबद्दल बरंच झालं असं म्हटलं आहे, ते सगळ्यांना पाठ असतं. पण ते तुकोबा म्हणाले, स्वतःच्या दिवाळ्याबद्दल, आणि आतल्या आत बरंच चालून गेल्यावर. दुष्काळाच्या त्या वर्षी देहूतला एखादा शेजारी ओट्यावर येऊन "बरं झालं तुकोबा" असं म्हणाला असता, तर त्याला आपण काय म्हटलं असतं? दुःखाला चांगलं म्हणायचा अधिकार ज्याचं दुःख त्याचा, आणि तोही त्याच्या सवडीनं.

विनोबांचा दाखला देणारेही भेटतात. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरले आणि काशीच्या गाडीत बसले. परीक्षेनं कुणाचं अडत नाही, असं म्हणायला हा दाखला वापरतात. विनोबांनी परीक्षा आपणहून सोडली. या मुलीला सीट हवी होती आणि ती मिळाली नाही. सोडणं आणि न मिळणं या गोष्टी एका तराजूत घालू नयेत.

मग गीतेत अशा मुलीसाठी काही आहे का? आहे, आणि मला नवल वाटतं की ते कुणी सांगत नाही. सहाव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन हाच प्रश्न विचारतो. एखादा माणूस श्रद्धेनं योगाच्या वाटेला लागला, पण अर्ध्यात मन ढळलं, टोकाला पोचलाच नाही, तर त्याचं काय होतं? इकडचं सुटलं, तिकडचं मिळालं नाही, असा तो वाऱ्यानं फाटलेल्या ढगासारखा विरून जातो का? दोन-दोन वर्षं लग्नाकार्याला न जाता, सणवार न करता अभ्यास केलेल्या आणि शेवटी यादीत नाव नसलेल्या मुलीची हीच स्थिती असते. बरोबरीच्या मैत्रिणी सेकंड इयरला गेलेल्या असतात. श्रीकृष्ण अर्जुनाला तिथं रागावत नाही, आशा का धरलीस म्हणत नाही. तो सांगतो की चांगल्यासाठी झटणाऱ्याची अधोगती होत नाही. केलेली साधना वाया जात नाही, पुढच्या जन्मी माणूस आदल्या जन्मीची समज घेऊनच पुढं निघतो. आता हे योगाबद्दल आहे, नीटबद्दल नाही, हे मला कळतं. पण श्रम आणि फळ यांचा हिशेब निराळा ठेवता येतो, फळ नाही आलं तरी श्रमाचं काही तरी माणसातच शिल्लक राहतं, हे तिथं स्वच्छ सांगितलं आहे. या मुलीला मानवी शरीराची जेवढी माहिती आज आहे, तेवढी माझ्या नोकरीच्या काळात शाळेत शिकवणाऱ्यांतल्या फार थोड्यांना होती. ते ४१० नं पुसलं जात नाही.

फोटोचा प्रश्न मात्र अजून तसाच उभा होता आणि तो टाळण्यासारखा नव्हता. २०२५ ला २२ लाखांवर मुलं परीक्षेला बसली. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आतबाहेर. सगळ्या मुलांनी सारखाच जीव तोडून अभ्यास केला, सगळ्यांच्या आयांनी नवस बोलले, तरी वीसेक लाखांना जागा मिळणारच नव्हती. म्हणजे देवानं एकीचं ऐकायचं तर त्याच हातानं दुसरीला बाजूला सारायचं. निलंग्याच्या मुलीला उचललं आणि जिंतूरच्या मुलीचा हात सोडला, असं जर पांडुरंगानं केलं असेल, तर मी त्याला कशाच्या जोरावर हात जोडू? मला हे कधीच मान्य झालं नाही. देव जागावाटप करत नाही, असंच मी आज मानते.

मग तो करतो काय? याचं उत्तर मला शास्त्रात मिळालं नाही, संतांच्या कथांत मिळालं. आमच्या परंपरेतला विठ्ठल जनाबाईबरोबर जात्यावर बसतो, चोखोबांबरोबर मेलेली गुरं ओढतो, नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरतो. लहानपणापासून ऐकलेल्या या कथा मी त्या दिवसांत पुन्हा मनात फिरवल्या आणि एक गोष्ट ध्यानात आली. जनाबाईचं दळण त्यानं कमी केल्याचं कुणी सांगत नाही. पायली तेवढीच, जातं तेवढंच जड. दळायला सोबत मिळाली, एवढीच कथा आहे. चोखोबांचं तर याहून कठीण. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर कोसळली आणि ते इतर मजुरांबरोबर गाडले गेले. गुरं ओढायला येणाऱ्या देवानं ती भिंत धरून ठेवली नाही. तरीही विठ्ठलाचं चोखोबांवर प्रेम नव्हतं, असा अर्थ एकाही संतानं काढला नाही. नामदेवांनी हाडं आणली आणि महाद्वाराशी समाधी झाली. भिंतीखालचं मरण आणि परीक्षेतलं अपयश यांची तुलना करू नये, मी करतही नाही. मला फक्त एवढं दिसतं की ज्यांनी ही भक्ती जगून दाखवली, त्यांनी घडलेल्या वाइटाला देवाचा शेरा मानलं नाही.

हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे साडेचारला तो माझ्याबरोबर उठत होता?" मी म्हटलं, माझी तशी श्रद्धा आहे. ती म्हणाली, "आणि तिच्याबरोबर पण?" तिच्याबरोबर पण.

काही दिवसांनी तिनं प्रश्नपत्रिका खाली आणली. जेवणाच्या टेबलावर पसरून आम्ही दोघी बसलो. कोपरे दुमडलेले, फिजिक्सच्या पानांवर पेनानं खोडून खोडून कागद झिरझिरीत झालेला. बायोलॉजीत ९० पैकी ७६ बरोबर. फिजिक्सच्या ४५ त १४ बरोबर, १५ चूक, १६ कोरे. एका प्रश्नापाशी तिनं आधी बरोबर पर्यायाला टिंब दिलं होतं, मग ते खोडून दुसऱ्याला, आणि ओएमआरवर दुसरंच भरलं. त्या पानावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे सगळं माझ्यामुळं झालं. मीच केलं हे."

तेव्हा मला गीतेचा अठरावा अध्याय आठवला. तिथं श्रीकृष्ण सांगतो की कुठलंही काम तडीला जायला किंवा बिघडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान म्हणजे हे शरीर, कर्ता, करणं म्हणजे इंद्रियं आणि साधनं, नाना तऱ्हेचे प्रयत्न, आणि पाचवं दैव. पुढं तो म्हणतो की एवढं असूनही जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. हा उपदेश यशानं फुगलेल्या माणसासाठी आहे, असंच आपण धरून चालतो. अपयशानं खचलेल्या माणसाचाही तोच गैरसमज असतो, हे मला त्या टेबलाशी बसून कळलं.

आम्ही एकेक कारण घेतलं. शरीर: त्या दिवशी सकाळीच तिला पाळी आली होती, पोटात कळा, मेची लातूरची दुपार, भीतीनं जेवणही गेलं नव्हतं. साधनं: घड्याळ आत नेऊ देत नाहीत, आणि वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ तिच्या पाठीमागं होतं. प्रयत्न: अवघड विषय ताज्या डोक्यानं आधी सोडवायचा, असं तिला शिकवलं गेलं होतं; म्हणून फिजिक्सपासून सुरुवात केली आणि तासाहून जास्त वेळ तिथंच गेला. एरवी हीच पद्धत चालली असती, या पेपरला ती अंगावर आली. दैव: पेपर काढणाऱ्यांनी त्या वर्षी फिजिक्स किती कठीण ठेवायचं ते ठरवलं, त्यात हिचा हात नव्हता. आणि कर्ता. इथं ती स्वतःच बोलली. रोटेशनल मोशन तिनं वर्षभर टाळलं होतं, भीती वाटायची म्हणून. आणि शेवटच्या दहा मिनिटांत घाबरून अंदाजानं गोळे भरले, त्यातले बहुतेक चुकले.

मी तिला म्हटलं, हे शेवटचं तुझं. ते कुणाच्या माथी मारू नकोस. पण बाकीची चार तुझ्या खात्यावर कशाला घेतेस? पाच कारणं सांगितली की काही जण त्यातून पळवाट काढतात हेही मी पाहिलं आहे. सगळं दैवावर टाकलं की पुढच्या वर्षीही रोटेशन तसंच राहतं. तिला पळवाट नको होती. तिला स्वतःला शिक्षा द्यायची होती, आणि त्या शिक्षेला हिशेबाचा आधार नव्हता.

आता ज्या कथेचं नाव मी वर दिलं आहे तिच्याकडं येते. लातूरहून तासा-दीड तासाच्या वाटेवर तेरणेकाठी तेर आहे, गोरोबाकाकांचं गाव. तेच जुनं तगर. सातवाहनांच्या काळातली मातीची भांडी आणि मूर्ती तिथल्या संग्रहालयात मांडून ठेवल्या आहेत. त्या गावात कुंभारकाम किती पुरातन आहे ते तिथं उभं राहिलं की कळतं. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली. मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं पाहून विचारलं, हे काय? गोरोबा म्हणाले, याच्यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आम्हालाही तपासा, ती म्हणाली. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थाप दिली. सगळे शांत बसले, नामदेव तेवढे कळवळले आणि चिडले. गोरोबांनी सांगून टाकलं: हे मडकं कच्चं.

कीर्तनात या ठिकाणी मंडपात हशा पिकतो. मला तिथं कधी हसू आलं नाही. ज्याच्या हातचा नैवेद्य देव प्रत्यक्ष जेवला, त्याला भरल्या सभेत, बरोबरीच्या सगळ्यांसमोर, एकट्याला नापास ठरवलं. तिथून नामदेव पंढरपूरला निघाले. तेर ते पंढरपूर ही पायी काही दिवसांची वाट आहे आणि कीर्तनकार ती एका वाक्यात संपवतात. मी वरच्या मजल्यावरच्या मुलींना त्या वाटेवर पाहते. निकाल लागलेला असतो, पुढचं काही ठरलेलं नसतं, फोन वाजला की छातीत धस्स होतं. ही वाट आठ-पंधरा दिवसांची असते, कुणाकुणाची महिन्यांची. तिथं नामदेव एकटे होते आणि रडत होते, असं मी मनाशी धरते.

पंढरपूरला पोचल्यावर विठ्ठलानं काय केलं, हे या कथेत मला सगळ्यात मोलाचं वाटतं. गोरोबा चुकले असं तो म्हणाला नाही. निकाल बदलून दिला नाही. "तू माझा लाडका, तुला काय कमी" असं म्हणून डोळे पुसले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्यानंही हे मडकं कच्चं आहे हे कबूल केलं आणि विसोबा खेचरांकडं जायला सांगितलं. आमच्याकडं सांगतात त्याप्रमाणं ते औंढ्या नागनाथाच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. आणि हे सगळं सांगताना विठ्ठलानं नामदेवाला दूर केलं नाही. निकाल खरा, आणि नातंही खरं. घरात मुलीला हेच दोन्ही एका वेळी मिळत नाही. कुणी निकाल खोटा ठरवतं, पेपरच तसा होता, सिस्टिमच तशी आहे म्हणतं. कुणी निकाल इतका खरा मानतं की मुलीशी बोलणंच सोडतं.

कच्चं मडकं कुंभार फेकून देत नाही. ते फुटलेलं नसतं, त्याला खोट नसते. त्यात आत्ता पाणी भरलं तर ते विरघळेल, एवढंच. ही गोष्ट गोरोबांच्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक असणार, नामदेवांनाही, पण थाप स्वतःच्या डोक्यावर बसली की ठाऊक असलेलं आठवत नाही. नामदेव पुढं पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे मी तिला मुद्दामच सांगितलं नाही. बघ, पुढं किती मोठे झाले, असं म्हटलं की कथेचा सगळा भार पुन्हा यशावर जातो. पुढं काहीही झालं नसतं, नामदेव शिवणकाम करत राहिले असते, तरी त्या दिवशी विठ्ठल त्यांच्याशी तसाच वागला असता, असं मला वाटतं.

तिला दुसऱ्यांदा ड्रॉप घ्यायचा होता. वडिलांकडं पैसे नव्हते, आणि माझंही मन होईना. फिजिक्सची भीती जशीच्या तशी ठेवून आणखी एक वर्ष त्याच खोलीत काढणं मला धोक्याचं वाटलं. तिनं पशुवैद्यकीयला प्रवेश घेतला, तोही नीटच्याच मार्कांवर होतो. दिवाळीनंतर फोन आला. अभ्यास जमतोय म्हणाली, गाईची प्रॅक्टिकल आवडतात. मग म्हणाली, "पण काकू, कुणी म्हणलं ना की देवालाच हे हवं होतं, तर मी भांडते. मला एमबीबीएसच पाहिजे होतं." मी म्हटलं, भांड. थोडं थांबून म्हणाली, "आणि तुमची ती पाच कारणं मला पटली, पण रिझल्टवर नाव माझं एकटीचंच छापून येतं."

याला माझ्याकडं उत्तर नाही. ती म्हणते ते बरोबर आहे. गीता पाच कारणं सांगते आणि गुणपत्रिकेवर एक नाव असतं, घरात आणि गावात मग त्याच एका नावाची चर्चा होते. हे मुलींना एकट्यानं समजून घेऊन भागणार नाही, त्यांच्या घरच्यांनी समजून घेतलं पाहिजे. म्हणून आता खोली बघायला पालक येतात तेव्हा भाड्याच्या आधी मी त्यांना, मुलीच्या समोर, विचारते: निकाल मनासारखा आला नाही तर त्या दिवशी तुम्ही हिला काय म्हणाल? बहुतेकांना ते आवडत नाही. कंधारकडचे एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, सुरुवातीलाच असं वंगाळ कशाला बोलावं?" मी म्हटलं, निकालाच्या दिवशी तुम्हाला सुचणार नाही आणि हिला ऐकू येणार नाही, म्हणून आज. त्यांनी बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "म्हणू की, गाडी घेऊन येतो, घरी चल." मुलगी चपलेचा अंगठा फरशीवर घासत ऐकत होती. खोली त्यांनी घेतली. फिजिक्स कच्चं आहे असं मुलीनं स्वतःच सांगितलं, तेव्हा त्याची सुरुवात रोटेशनपासून करायची असं आमचं ठरलं आहे.